मधला तुकडा

६ ऑगस्ट, मंगळवार

अर्ज करायचा झालाच तर मजकूर असा होईल: "विषय – स्वतःच्या गच्चीवर स्वतःचा परकर वाळत घालण्यास मनाई झाल्याबाबत. महोदय, मी खाली सही करणार मीना, वय त्रेपन्न, तहसील कचेरीतून मुदतीआधीच घरी आलेली, कारणे विनंती करते की..." पुढे काय विनंती करणार, आणि कोणाला? अर्धं आयुष्य खिडकीच्या आत बसून लोकांचे अर्ज वाचले. त्यात बांध कोरल्याचे होते, सासूने छळल्याचे होते, एक तर बोकड हरवल्याचा होता. परकराचा एकही नव्हता. म्हणजे माझी व्यथा अभूतपूर्व आहे.

प्रकरण असं. जूनमध्ये मुंबईच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून स्नेहल नावाची पोरगी आली. अख्ख्या पाड्यात पक्क्या स्लॅबचं घर माझंच, गच्चीवरून धरणाचा फुगवटा सरळ समोर दिसतो, आणि वीज इतरांकडे जाते तेवढीच माझ्याकडे जाते. एवढ्या गुणांवर माझी निवड झाली. गच्चीवर एक पांढरा उंच डबा उभा राहिला. पाऊस आला की त्याचं झाकण आपोआप सरकतं, थांबला की मिटतं. आत बाटली. बाटलीत पाऊस. मी हो म्हटलं, कारण साखर सोडून माझ्या घरात कोणी काही मागितलं त्याला बरीच वर्षं झाली होती.

पण या शहाण्या यंत्राला ढगाचा थेंब आणि परकराचा थेंब यातला फरक कळत नाही. परवा दोरीवरून पाणी ठिबकलं, झाकण उघडलं, आणि आठवडाभराच्या पावसात माझा साबण उतरला. आज स्नेहल आली, बाटली बघितली आणि रडकुंडीला आली. "काकू, हा आठवडा गेला."

म्हणून आजपासून गच्चीवर कपडे बंद, शेजारी पाला जाळणं बंद, कावळ्याला घास बंद. कावळ्यांनी हे मान्य केलेलं नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज मला हुद्दा मिळाला. बाटली बदलायला दोन माणसं लागतात. एक "स्वच्छ हात", दुसरा "अस्वच्छ हात". अस्वच्छाने बाहेरची पिशवी उघडायची, झाकण धरायचं, कड्या काढायच्या. स्वच्छाने फक्त आतल्या पिशवीला आणि बाटलीला हात लावायचा. दोघांनी हातमोजे घालायचे, बोलायचं नाही, बाटलीवर श्वास सोडायचा नाही. स्नेहलचा जोडीदार पोरगा आसनगावहून पुढे यायला कंटाळतो, म्हणून अस्वच्छ हात मी.

जन्मभर सोवळ्याओवळ्याची टर उडवली. शेवटी एका डब्यापुढे ओवळी ठरून उभी राहिले.

"एवढं काय गं शोधतेस पावसात?" मी विचारलं.

"पारा."

"थर्मामीटरातला?"

"तोच. कोळसा जळतो ना काकू, वीजघरं, सिमेंटच्या भट्ट्या, त्या धुरातून वर जातो. हवेत महिनोन् महिने फिरतो. कधी दुसऱ्या देशातूनसुद्धा येतो. मग पावसाबरोबर खाली."

"म्हणजे अर्ज कोणावर करायचा?"

"सगळ्यांवर," ती म्हणाली, आणि मोजे उलटे करून पिशवीत टाकले.

मी घाबरून माठाकडे बघितलं. ती हसली. म्हणाली, पाण्यात इतका कमी असतो की प्यायला काही हरकत नाही, निवांत प्या. तेव्हा काळजी मिटली. हे पाणी पुढे मुंबईला जातं, मुंबई अजून जिवंत आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या चंद्रकलाने मरळीचं कालवण पाठवलं. श्रावणात! तिचं अख्खं घर श्रावण पाळतं, नवरा विठू तर दाढीसुद्धा करत नाही. पण सून भाविका पोटुशी आहे आणि पोटुशीला श्रावण नाही, असा चंद्रकलाचा कायदा. म्हणून घरामागे तीन दगड मांडून, वेगळ्या टोपात, वेगळ्या पळीने ती रोज सुनेपुरती मासळी शिजवते. मधला तुकडा आणि डोकं भाविकाला. उरलेलं घरात नेता येत नाही, कुत्र्याला घालवत नाही, म्हणून श्रावण न पाळणाऱ्या शेजारणीला. कुत्र्याच्या किंचित वर का होईना, माझा नंबर लागला.

"खा गो बाय. तुला कोण बोलनार हाय," असं म्हणून ती टोप ओट्यावर ठेवून गेली. अल्युमिनियमचा, एका बाजूला चेपलेला, बुडाला काजळीचा पापुद्रा. मरळ मात्र अशी की मी बोटं चाटली.

भाविकाचं गेल्या वर्षी गेलं. चौथ्या महिन्यात. तेव्हापासून चंद्रकला तिला तळहातावरच्या फोडासारखी जपते. किशोर, म्हणजे भाविकाचा नवरा, भिवंडीच्या गोदामात कामाला, आठवड्याने येतो. पोरीला जपायचं काम सासूसासऱ्यांनी वाटून घेतलंय: विठूने पकडायचं, चंद्रकलाने शिजवायचं.

टोप परत करायचा आहे. पण रिकामा देता येत नाही, इथे कोणी देत नाही. काहीतरी करून भरून देईन. या आठवड्यात.

२४ सप्टेंबर, मंगळवार

टोप अजून इथेच. मी रवा आणला होता, त्याचा शिरा मीच खाल्ला.

आज विठूने हातभर लांब मरळ आणली. ट्रकच्या ट्यूबवर बसून फुगवट्यात गळ टाकतो तो, पार धरणात बुडालेल्या जुन्या पाड्याच्या अंगाला. अंगणात माणसं जमली. किन्हवलीचा एक हॉटेलवाला आला होता मोटरसायकलवर, म्हणाला, म्हणशील ते देतो. विठूने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ही ईकायची नाय. ही माज्या नातवाची."

"नातू अजून पोटात आहे रे," मी म्हटलं.

"म्हनून तर! भाईर आला का काय, पेज खाईल. आता खाऊ दे मरळ."

भाविका दारात उभी होती, पदराने तोंड दाबून हसत होती. हडकुळी पोर, पण गाल भरलेत आताशा. मी म्हटलं, खा बाई, माशाने पोराचं डोकं चांगलं होतं. हे मी कुठेतरी वाचलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकलेल्या बाईने सांगितलं म्हणजे झालं.

स्नेहल आलीच होती. तिने विठूकडे शेपटीचा एक तुकडा मागितला, आणि टोपलीतली थोडी बारीक मासळी, थोडे झिंगे. विठूने मोठ्या मनाने दिलं. "ने गो पोरी. तुज्या मुंबईत आसली मरळ नाय मिळनार." ती ते बर्फाच्या डब्यात घालून घेऊन गेली. मला वाटलं, खाणार असेल.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

खाल्ली नाही. मोजली.

आज बाटली बदलून झाल्यावर ती खाली उतरली नाही. गच्चीच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, काकू, ती मोठी मरळ कोणी खाल्ली?

पावसात अगदी कमी, पाण्यात कमी, झिंग्यांत कमी, बारीक मासळीतही हरकत नाही एवढाच. आणि मरळीत जितका चालतो त्याच्या कितीतरी पट. मी म्हटलं, हे कसलं गणित? आभाळातून सगळ्यांवर सारखा पडतो ना?

तिने बोटाने हवेत पायऱ्या काढून दाखवल्या. पाऊस धरणात पडतो. तळाशी बुडालेली झाडं, कुजलेला गाळ, तिथले जंतू त्या पाऱ्याचं रूप पालटतात. मग तो शेवाळात जातो, शेवाळातून किड्यात, किड्यातून बारीक माशात. मरळ तसले हजारो बारीक मासे गिळते, वर्षानुवर्षं. अंगात शिरलेला सहज बाहेर पडत नाही. जेवढी मोठी आणि म्हातारी, तेवढा जास्त.

"आणि मग मरळ ज्याने खाल्ली त्याच्यात," मी म्हटलं.

"मोठ्या माणसाला थोडाफार चालून जातो. पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला..." ती थांबली. "किती दिवस खातेय ती?"

मी खाली बघितलं. श्रावणातली तीन दगडांची चूल इथून दिसत होती. अजून तिथेच आहे, काळी झालेली.

ती म्हणाली, केस तपासता येतात, केसांत कळतं. मागून, मुळापासून, पेन्सिलीच्या जाडीची एक बट. भाविकाची मिळवाल का? आणि तुमचीही द्या. माझी तिथल्या तिथे कापून घेतली. म्हणाली, तोवर मरळ थांबवाच.

पाणी मुंबईला जातं, शुद्ध. पारा आमच्याकडे राहतो. वाटणी करायला कोणी बसलं होतं असं वाटत नाही, पण वाटणी चोख झाली आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

चंद्रकलाकडे गेले. ती भात उन्हात पसरत होती. पारा म्हटलं तर तिला कळला, देवीच्या जत्रेत बाटलीतला बघितला होता तिने.

"मरळीत? आमच्या?" ती खो खो हसली. "आन् चमकत कसा नाय मग?"

"दिसत नाही तो. म्हणून तर भाविकाचे थोडे केस हवेत. तपासून बघतील."

हसू गेलं. सूप खाली ठेवलं.

"केस कशाला गो?"

"अंगातलं केसात उतरतं."

"केसात काय काय उतरतं ते मला नको सांगू बाय. गेल्या साली न्हायल्यावर पोरीची गुंतवळ कुंपनाला उडाली. मी तीन दीस शोधली, नाय गावली. म्हैन्यात पोट रिकामं जालं. आता तिची गुंतवळ मी सोता थुंकून भिंतीच्या फटीत घालत्ये, आन् तू सांगतेस मुंबईला धाड?"

मी शांतपणे बोलायला हवं होतं. पण मला ते जमत असतं तर कचेरीत बढती मिळाली असती. म्हटलं, गुंतवळीने पोटं पडत असती तर न्हाव्याच्या दुकानाला कुलूप लागलं असतं.

"तुला पोटाचं काय म्हाईत?" ती म्हणाली.

बरोबर आहे. मला नाही माहीत. लग्नही नाही, पोटही नाही.

कोंबड्या भातात शिरल्या, दोघींनी मिळून हाकलल्या. निघताना मी एवढंच म्हटलं, केस परत आणून देईन, जळून राख झालेले का असेनात, पण या पोराची मला भीती वाटतेय, चंद्रकला. ती म्हणाली, बगते. आणि मग, "माजा टोप कुटं हाय?"

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

चंद्रकला स्वतः पुडी घेऊन आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर दोरा, दोऱ्याला हळद. "घे. पोरीला काय बोलू नको. ती भिती."

मी जिंकले! पुडी उघडून स्नेहलच्या पिशवीत भरली. पोरीचे केस फारच राठ वाटले, मध्ये दोनतीन करडेसुद्धा. तेविसाव्या वर्षी! आजकालच्या शाम्पूंचा प्रताप, दुसरं काय.

दिवाळी तोंडावर आहे. टोपात करंज्या घालून देईन.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

केसांचा निकाल आला आणि मी गच्चीवरच टाळी वाजवली. भाविकाच्या केसांत जवळजवळ काही नाही. नगण्य. माझ्यात तिच्या तिप्पट! म्हणजे मी, जिला चार वेळा उरलंसुरलं मिळालं, ती पाऱ्याने भरलेली. आणि जी रोज मधला तुकडा खाते ती कोरडी. मला या वयात प्रथमच कोणीतरी मौल्यवान ठरवलं.

स्नेहलला काही पटेना. कागद उलटा करून बघत होती. "असं कसं काकू? तुम्ही महिन्यातून एकदा खाता ना?" मी म्हटलं, पोटुशीचं अंग वेगळं असतं, पचवत असेल. ती म्हणाली, पचत नसतो तो. मी म्हटलं, तुझं पुस्तक वेगळं, पाडा वेगळा. तिने बजावलं, तरीही मरळ देऊ नका म्हणावं.

मी निरोप दिला, पण आधी चांगली बातमी दिली, आणि चांगल्या बातमीनंतर निरोप कोण ऐकतो? चंद्रकला म्हणाली, "कागूद चांगला आला ना? मग जालं." फारशी खूशही झाली नाही. जणू तिला ठाऊकच होतं. विठू मात्र खूश. गेला महिनाभर माझ्या भीतीने त्याने मरळ घरात आणली नव्हती. आज गळ घेऊन संध्याकाळच्या आत पाण्यावर गेला.

१ डिसेंबर, रविवार

आज भाविकाचं डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, अंगणात बायका. किशोर आला होता, मोबाईलवर फोटो काढत होता. पानात पहिला मान अर्थात मरळीचा. दोन आठवडे रोज चालली आहे. मी तोंड भरून कौतुक केलं, मी!

ओटी भरायला चंद्रकला पुढे वाकली. पदर खांद्यावर आला, अंबाडा सैल होता. मानेवर, डाव्या कानामागे, केसांचा एक पुंजका कापलेला. पेन्सिलीच्या जाडीचा. खुंट वाढू लागलेत, करडे.

मी तिला हाताला धरून मागच्या दारी नेलं. म्हटलं, केस कोणाचे दिलेस?

तिने लपवलं नाही.

"माजे. मग काय पोटुशीचे देऊ परक्याच्या हाती? काय लागायचं तर मला लागंल. माजं काय, म्हातारी जाले."

"अगं पण तूही मासाच खातेस ना? तुझ्यात काही कसं नाही?"

"मी कंचा मासा खात्ये गो? तुकडे तिला. डोकं तिला. मी रश्श्यात भाकर बुडवत्ये. नायतर हाय आपली सुकट."

मग मी ओरडले. काय काय बोलले ते लिहवत नाही. "अडाणी" होतं त्यात, "मूर्ख" होतं, "तुझ्या हाताने" असंही होतं. अंगणातली गाणी थांबली. बायका मागच्या दाराला आल्या. चंद्रकला भिंतीला टेकून उभी, हातात ओटीतला नारळ. तिची बाजू अशी होती की ती करणीच्या आणि सुनेच्या मध्ये स्वतः उभी राहिली. माझी बाजू अशी होती की करडे केस मी पाहिले होते आणि शाम्पूला शिव्या देऊन मोकळी झाले होते. ओरडत मात्र मी होते.

३ डिसेंबर, मंगळवार

भाविका आज एकटी आली. जड पावलांनी जिना चढून थेट गच्चीवर. स्नेहल बाटली बदलत होती.

"मावशी, कातर द्या."

"सासूला विचारलंस का?"

"आईंनी दोन दीस अन्न नाय घेतलं." तिने वेणी पुढे घेतली, तेलकट, काळीभोर, कमरेच्या खाली. "माझंच पोर ना? माझेच केस."

स्नेहलने कापले, मुळापासून. भाविकाने ती बट हातात घेऊन बघितली. विचारलं, किती मागचं कळतं यात? स्नेहल म्हणाली, गरोदरपणाच्या सगळ्या महिन्यांतलं, पहिल्यापासूनचं. भाविकाने मान हलवली आणि मुळाशी बोट ठेवून तिथून हळूहळू खाली आणलं, जणू प्रत्येक बोटभर केसात कुठला मासा होता ते आठवतेय.

खाली विठू उभा होता. त्याला सगळं कळलंय. मला म्हणाला, "त्या गाळात कुजतंय म्हनते ना ती पोरगी? तो गाळ कंचा म्हाईत हाय? माज्या बापाचं खाचर हाय ते. चिंच हाय दारातली. पानी चढवलं तवा सायेब बोलला, शेत गेलं तर गेलं, मासा खा." मग म्हणाला, "पानी तिकडं चालतं. मासा आमाला चालत नाय. बरं हाय."

गळ गुंडाळून आढ्याला खोचला त्याने. पण बाकीच्या पाड्याचे गळ पाण्यात आहेत, आणि किन्हवलीच्या हॉटेलात आजही मरळ मिळते. काल मी तिथल्या मालकाला सांगून बघितलं. तो म्हणाला, बाई, डेंग्यू, प्लास्टिक, आता पारा. तुमी काय खाता?

२४ डिसेंबर, मंगळवार

निकाल. स्नेहलने कागद न देता तोंडी सांगितला, यावरूनच कळायला हवं होतं. जास्त आहे. बराच. आणि मुळाकडच्या शेवटच्या भागात, म्हणजे माझ्या टाळीनंतरचा जो भाग, तिथे पुन्हा चढलेला.

"मग आता?" भाविकाने विचारलं.

"आता थांबलंय ना, हळूहळू उतरेल."

"माझ्यातून. बाळातून?"

स्नेहल चांगली पोरगी आहे, खोटं बोलता येत नाही तिला. म्हणाली, काहीच होणार नाही असंही होऊ शकतं. बोलायला थोडा उशीर, शिकायला थोडं जड, असंही होऊ शकतं. एका बाळाबद्दल कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. शंभर बाळं मोजली तर सांगता येतं.

"माझं एकच हाय," भाविका म्हणाली.

चंद्रकला आजही अंगणात होती. माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती. मी तिथून गेले, तिने राख थोडी जोरात घासली, एवढंच. तिचा टोप माझ्या मांडणीवर वरच्या फळीला आहे. स्वयंपाक करताना समोरच येतो.

२९ जानेवारी, बुधवार

मुलगी झाली, मुरबाडला. वजन बरं, रडली जोरात. किशोरने पेढे वाटले. विठूने मला पेढा दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू निकाल माझ्याकडे आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाळाला बघायला गेले. चंद्रकला बाजेवर, बाळ तिच्या मांडीवर. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी बसले.

सुंदर आहे पोर. टकामका बघते. निदान मला तसं वाटलं. मी किल्ल्यांचा जुडगा काढून डाव्या बाजूला हळूच वाजवला. वळली नाही. उजव्या बाजूला वाजवला. मान किंचित हलली, की चंद्रकलाची मांडी हलली, कळलं नाही. पुन्हा वाजवणार होते.

"तपासू नको गो तिला," चंद्रकला म्हणाली. डिसेंबरपासूनचं पहिलं वाक्य. "मी बी तेच कर्ते दिसभर. दिवा फिरवत्ये, चुटकी वाजवत्ये. भाविका बी रातची उठून बगती. सगली जना नुस्ती बगतात. पोरीला कोन घेतच नाय नीट."

मी किल्ल्या पिशवीत टाकल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डबा गेला. स्नेहलचा प्रकल्प संपला, टेम्पो आला, चौघांनी उतरवला. म्हणाली, काकू, सगळं छापून येईल तेव्हा आभारात तुमचं नाव घालते. मी विचारलं, भाविकाचं? ती म्हणाली, तिचा नुसता क्रमांक असतो, नाव देता येत नाही.

गच्चीवर डब्याच्या जागी एक स्वच्छ पांढरट गोल राहिलाय. बाकी सगळी काळवंडलेली. पाऊस, धूळ, काय काय पडतच असतं, आता कोणी मोजत नाही एवढंच. समोर फुगवटा उन्हात लखलखतोय. दोन ट्यूबा दिसल्या पाण्यावर, माणसं ओळखू आली नाहीत.

अर्ज निकाली निघाला. परकर वाळत घातला. विशेष काही वाटलं नाही.

२ मार्च, रविवार

परवा वाल भिजत घातले. काल फडक्यात बांधले. आज मोड आले, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलत बसले. हे काम मी आईच्या हातचं खाऊन टाळत आले. सोलून बोटांची टोकं पांढरी पडली. ओलं खोबरं, लसूण, कोकम, वर कोथिंबीर. बाळंतिणीला चालतं का म्हणून किन्हवलीच्या वहिनीला फोन केला, ती म्हणाली, अंगाला लागतं, दे, तिखट बेताने घाल.

टोप खाली काढला. राख आणि काथ्या घेऊन बुडाची काजळी घासली. सगळी निघाली नाही. चेपलेली बाजू तशीच ठेवली, ती तिची आहे.

बिरडं भरून, वर ताटली झाकून, मागच्या दाराने गेले. ती तीन दगडांची चूल कोणीतरी मोडून टाकलीये. दगड कुंपणाला लावून ठेवलेत.

चंद्रकला न्हाणीत पाय पसरून बसली होती. पायांवर पोर, तेलाने माखलेली, उघडीवाघडी. चंद्रकला तिला चोळत होती आणि काहीतरी पुटपुटत होती, आणि पोर तिच्या तोंडाकडे बघत होती. मी उभी आहे हे दोघींनाही कळलं नाही. भाविका आत झोपली होती, वेणी उशीवरून खाली लोंबत होती.

"कोन हाय?" चंद्रकलाने न वळता विचारलं.

"मी. टोप आणलाय."

चोळणारे हात थांबले. "रिकामा?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "आतल्या चुलीपाशी ठेव. गार नको होऊ देऊ."

मी चुलीपाशी ठेवला. निखारे थोडे पुढे ओढले, ताटली नीट बसवली, आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.